ऑप्टिकल नेटवर्कच्या आराखड्यावर संशोधन सुरू करताना

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षात किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला ‘ऑप्टिकल नेटवर्क’ हा विषय हाती आलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण बहुधा गणिताची नसते. शोधनिबंधांत त्याला दिसतात ते ठिपके आणि रेषा, म्हणजे नोड आणि लिंक, आणि त्यांवर चालवलेला एखादा अल्गोरिदम किती टक्क्यांनी सरस ठरला याचे आलेख. त्या रेषेखाली प्रत्यक्षात काय पुरलेले आहे, ती तुटते म्हणजे नेमके काय होते, आणि ‘कार्यक्षम’ व ‘तग धरणारे’ ही विशेषणे कोणत्या एककात मोजायची, हे मात्र निबंधांत गृहीत धरलेले असते. या लेखात महाराष्ट्रातील सहा शहरांचे एक लहानसे नेटवर्क कागदावर मांडून ते संशोधनाच्या प्रश्नापर्यंत कसे न्यायचे, हे क्रमाने सांगितले आहे. वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसावे. संगणकाची गरज सहाव्या पायरीपर्यंत पडणार नाही.

पायरी १ : रेषेखालची फायबर

सिंगल-मोड फायबरमधून १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पाठवला, तर दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल हानी होते. हा आकडा कारखान्यातल्या रिळावरचा आहे. चरात पुरलेल्या, ठिकठिकाणी सांधलेल्या आणि मधूनमधून तुटून पुन्हा जोडलेल्या फायबरसाठी ०.२५ धरणे शहाणपणाचे. म्हणजे ८० किलोमीटरच्या एका टप्प्यात २० डेसिबल हानी झाली आणि निघालेल्या प्रकाशाचा शंभरावा भाग उरला. तेथे अर्बियम मिसळलेल्या फायबरचा ॲम्प्लिफायर बसवतात. १९८७ च्या सुमारास साउदॅम्प्टन विद्यापीठ आणि बेल लॅब्ज येथे पुढे आलेल्या या उपकरणाने सगळा विषयच बदलला, कारण प्रकाशाचे विजेत रूपांतर न करता ते एकाच वेळी सर्व चॅनेल, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींवरचे सिग्नल, वाढवते. मात्र प्रत्येक ॲम्प्लिफायर सिग्नलसोबत स्वतःचा थोडा गोंगाटही मिसळतो आणि तो टप्प्याटप्प्याने साचत जातो.

किती साचतो, हे एका ओळीच्या सूत्रावरून कळते. सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर, म्हणजे ओएसएनआर, काढताना ५८ या स्थिरांकात चॅनेलची डीबीएममधील (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली) पॉवर मिळवावी आणि त्यातून टप्प्याची हानी, ॲम्प्लिफायरची नॉइज फिगर (तो किती गोंगाट मिसळतो याचे माप) आणि टप्प्यांच्या संख्येच्या लॉगरिदमची दहापट वजा करावी. ८५० किलोमीटरच्या मार्गाचे ११ टप्पे, पॉवर ० डीबीएम आणि नॉइज फिगर ५ डेसिबल धरल्यास ५८ + ० − २० − ५ − १०.४, म्हणजे २२.६ डेसिबल मिळतात. मग पॉवर वाढवून हा आकडा हवा तेवढा का वाढवू नये, असे नवख्याला वाटतेच. पॉवर वाढली की फायबरमधील अरेषीय परिणामांतून येणारा गोंगाट पॉवरच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एका बिंदूनंतर पॉवर वाढवून सिग्नल बिघडतोच. तोरिनो येथील पॉलिटेक्निकच्या संशोधकांनी पुढे आणलेल्या जीएन मॉडेलनुसार सर्वोत्तम पॉवरला अरेषीय गोंगाट हा ॲम्प्लिफायरच्या गोंगाटाच्या निम्मा असतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर तुमच्या हिशेबातील निम्म्या चुका कागदावरच सापडतील.

फायबरमधील वापरण्याजोगी जागा म्हणजे स्पेक्ट्रम. नेहमीचा सी-बँड १५३० ते १५६५ नॅनोमीटरचा असून त्यात ढोबळपणे ४.८ टेराहर्ट्झ जागा धरतात. जुन्या स्थिर पद्धतीत तिचे ५० गिगाहर्ट्झचे ९६ चॅनेल पडत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, म्हणजे आयटीयूच्या, जी.६९४.१ या शिफारशीतील लवचीक पद्धतीत १२.५ गिगाहर्ट्झचे स्लॉट मोजतात, म्हणजे ३८४ स्लॉट. नोडवर बसवलेले रोडॅम हे उपकरण येणारा प्रकाश हवा त्या दिशेला प्रकाशरूपातच वळवते, आणि त्यातूनच दोन बंधने येतात. एका मागणीसाठी घेतलेले स्लॉट मार्गातील प्रत्येक लिंकवर तेच असले पाहिजेत, आणि ते एकमेकांना लागून असले पाहिजेत. रेल्वेच्या आरक्षणाचे उदाहरण येथे चपखल बसते: मुंबई ते नागपूर एकाच बर्थवर बसून जायचे आहे आणि कुटुंबाला शेजारशेजारचे बर्थ हवे आहेत. गाडीत एकूण बर्थ रिकामे असूनही आरक्षण न मिळण्याचा जो अनुभव आपल्याला येतो, त्यालाच येथे स्पेक्ट्रमचे तुकडे पडणे म्हणतात.

पायरी २ : सहा शहरांचा आराखडा

मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जळगाव आणि नागपूर हे सहा नोड घ्यावेत. हे कोणत्याही कंपनीचे खरे नेटवर्क नव्हे. अंतरे जुन्या रस्त्यांच्या अंतरांवरून ढोबळ केली आहेत आणि समृद्धी महामार्ग मुद्दाम वगळला आहे. मुंबई–पुणे १५०, मुंबई–नाशिक १७०, नाशिक–संभाजीनगर १८०, पुणे–संभाजीनगर २३५, नाशिक–जळगाव २५०, संभाजीनगर–नागपूर ४९० आणि जळगाव–नागपूर ४३० किलोमीटर, अशा सात लिंक झाल्या. वहीच्या पूर्ण पानावर हे चित्र काढावे, कारण पुढे प्रत्येक रेषेवर बरेच लिहायचे आहे.

रेषा किती असाव्यात, हाच आराखड्यातील पहिला निर्णय असतो. सहा नोड जोडायला पाच रेषा पुरतात. तेवढ्यावर थांबल्यास खर्च सर्वांत कमी, पण कोणतीही एक रेषा तुटली की नेटवर्कचे दोन तुकडे. आपल्याकडे याचे मोठे उदाहरण भारतनेटचे आहे. २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झालेल्या या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंतची जोडणी बहुतांशी एकेरी रेषेची होती. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या सुधारित कार्यक्रमात तालुका ते ग्रामपंचायत ही जोडणी रिंगच्या स्वरूपात करण्याचे ठरले. कागदावर रेषा आणि रिंग यांत एकाच लिंकचा फरक आहे. जमिनीवर मात्र वर्तुळ पुरे करणारी ती शेवटची लिंकच बहुधा सर्वांत लांब, सर्वांत महाग आणि परवानग्यांसाठी सर्वांत त्रासदायक असते. खर्च वाचवण्यासाठी रिंगची जाणारी आणि परतणारी फायबर एकाच चरात टाकली, तर नकाशावर रिंग दिसते आणि जेसीबीच्या एका फटक्यात ती रेषा होते. खोदकामापूर्वी कळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये सरकारला ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणावे लागले, यावरून फायबरचा नेहमीचा शत्रू कोण हे ध्यानात यावे.

पायरी ३ : मागणी, मॉड्युलेशन आणि स्लॉट

आता नेटवर्कवर मागणी ठेवू. सरावासाठी असे गृहीत धरू की ७५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे ६ स्लॉटच्या, चॅनेलमधून १६-क्यूएएम मॉड्युलेशनने, म्हणजे प्रत्येक चिन्हात चार बिट बसवण्याच्या पद्धतीने, ४०० गिगाबिट प्रति सेकंद जातात आणि ते ६०० किलोमीटरपर्यंत पोहोचते. त्याहून लांब जायचे तर क्यूपीएसके हे अधिक साधे मॉड्युलेशन वापरावे लागते. ते प्रत्येक चिन्हात निम्मेच बिट वाहते, म्हणून ४०० गिगाबिटसाठी दोन चॅनेल, अर्थात १२ स्लॉट लागतात. प्रत्यक्ष पोहोच उपकरणावर आणि फायबरवर अवलंबून असते. पायरी १ मधील हिशेब नेमका त्यासाठीच आहे.

मुंबई–पुणे ही ४०० गिगाबिटची मागणी घेऊ. मुख्य मार्ग थेट, १५० किलोमीटर, ६ स्लॉट. राखीव मार्ग मुंबई–नाशिक–संभाजीनगर–पुणे असा, १७० + १८० + २३५ म्हणजे ५८५ किलोमीटर. ६०० च्या आत बसले, म्हणून तीन लिंकवर प्रत्येकी ६, एकूण १८ स्लॉट. आता एक छोटा बदल करून पाहावा. फायबर रस्त्यापेक्षा नेहमी लांब असते. ती वळसे घेते, आणि दुरुस्तीसाठी प्रत्येक चेंबरमध्ये तिचे वेटोळे ठेवलेले असते. ही वाढ १० टक्के धरली तर ५८५ चे ६४३ किलोमीटर होतात, १६-क्यूएएमची मर्यादा ओलांडली जाते आणि राखीव मार्गाला १८ ऐवजी ३६ स्लॉट लागतात. अल्गोरिदम तोच, नेटवर्क तेच, आणि अंतराच्या एका गृहीतकाने राखीव जागेचा खर्च दुप्पट झाला. दोन अल्गोरिदममधील पाच-सात टक्क्यांच्या फरकावर लिहिलेला निबंध वाचताना हा हिशेब आठवावा.

पायरी ४ : दुसरा मार्ग शोधण्यातली फसगत

मुंबई–नागपूर मागणीसाठी एकही लिंक सामाईक नसलेले दोन मार्ग हवे आहेत. बहुतेक जण आधी सर्वांत जवळचा मार्ग काढतात, त्यातील लिंक खोडतात आणि उरलेल्या नेटवर्कवर पुन्हा जवळचा मार्ग शोधतात. वहीवर तसे करून पाहावे. सर्वांत जवळचा मार्ग मुंबई–नाशिक–संभाजीनगर–नागपूर, ८४० किलोमीटर. या तीन रेषा खोडल्या की मुंबईहून पुण्याला जाता येते, पुण्याहून संभाजीनगरला जाता येते, आणि तेथे वाट संपते. नाशिकहून जळगावमार्गे नागपूरला जाता येते, पण नाशिकला पोहोचण्याची रेषाच खोडलेली आहे. पद्धतीचे उत्तर येते: दुसरा मार्ग नाही.

प्रत्यक्षात दोन स्वतंत्र मार्ग डोळ्यांसमोर आहेत. एक मुंबई–नाशिक–जळगाव–नागपूर, ८५० किलोमीटर. दुसरा मुंबई–पुणे–संभाजीनगर–नागपूर, ८७५ किलोमीटर. पहिल्या मार्गावर १० किलोमीटर वाचवण्याच्या हट्टापायी आपण दोन्ही वाटा अडवून बसलो होतो. दोन्ही मार्ग एकत्र विचारात घेऊन त्यांची बेरीज कमीत कमी करणारी सुरबालेची पद्धत १९७४ पासून उपलब्ध आहे आणि तिला फारसा जास्त वेळही लागत नाही. तरीही पहिल्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक जण खोडण्याची पद्धतच लिहितात, मीही लिहिली होती, आणि ज्या मागण्यांना ‘दुसरा मार्ग नाही’ असे उत्तर येई त्या मी नेटवर्कच्या खात्यावर टाकून मोकळा होत असे. तुमच्या आराखड्यात किती नोड-जोड्यांना दोन स्वतंत्र मार्ग आहेत, हे अल्गोरिदम चालवण्याआधी वेगळे तपासावे. आपल्या सहा शहरांत सगळ्याच जोड्यांना आहेत, कारण कोणतीही एक रेषा खोडली तरी नेटवर्क जोडलेलेच राहते.

पायरी ५ : नकाशावरून चरात

या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, म्हणून येथे जरा रेंगाळू. फायबर किती वेळा तुटते याचे आकडे प्रदेशानुसार बदलतात. सरावासाठी दर १००० किलोमीटरला वर्षाला २ कट आणि प्रत्येक दुरुस्तीला ८ तास, असे धरू. नाशिक–जळगाव मार्गाने ८५० किलोमीटरवर वर्षाला १.७ कट, म्हणजे १३.६ तास सेवा बंद. पुणे–संभाजीनगर मार्गावर ८७५ किलोमीटरसाठी १४ तास. वर्षाच्या ८,७६० तासांनी भागल्यास एकेक मार्ग बंद असण्याची शक्यता साधारण ०.००१५५ आणि ०.००१६० येते. दोन्ही मार्ग एकाच वेळी बंद असण्याची शक्यता म्हणजे या दोहोंचा गुणाकार. वर्षाच्या मिनिटांत तो सुमारे १.३ मिनिटे होतो. तेरा तासांवरून सव्वा मिनिटावर! ‘पाच नऊ’ म्हणून ओळखली जाणारी ९९.९९९ टक्के उपलब्धता वर्षाला सुमारे ५.३ मिनिटांची मुभा देते. आपण त्याच्याही पुढे गेलो, असे वाटते.

आता मध्य रेल्वेचा नकाशा उघडावा. रेल्वेमार्गांच्या कडेने फायबर टाकण्याची पद्धत देशभर आहे, आणि मुंबईहून पुण्याला व नाशिकला जाणारे रेल्वेमार्ग कल्याणपर्यंत एकच आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते अंतर ५० किलोमीटरहून थोडे अधिक भरते. आपल्या दोन्ही मार्गांची फायबर रुळांच्या कडेने एकाच चरातून कल्याणपर्यंत गेली असेल, तर त्या ५० किलोमीटरवर वर्षाला ०.१ कट, म्हणजे सरासरी ०.८ तास अर्थात ४८ मिनिटे दोन्ही मार्ग एकदमच बंद राहतील. उरलेल्या सोळाशे-सतराशे किलोमीटरचा मिळून हिशेब सव्वा मिनिटाच्या घरात, आणि या एका पट्ट्याचा ४८ मिनिटे. सामाईक चर केवळ ५ किलोमीटरचा असला तरी ४.८ मिनिटे गेलीच. बाकी सर्व आराखडा कितीही हुशारीने केला तरी हा तोटा भरून निघत नाही. म्हणूनच राखीव मार्गाच्या अल्गोरिदमवर महिनाभर घालवण्याआधी सामाईक चरांची यादी मिळवण्यावर आठवडा घालवावा, असे माझे मत आहे.

एकाच घटनेने एकत्र तुटू शकणाऱ्या लिंकच्या गटाला सामाईक जोखमीचा गट म्हणतात. निबंधांत तो एसआरएलजी या आद्याक्षरांनी येतो. मुंबई–पुणे दरम्यान दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर घेतली, एक रेल्वेच्या कडेची आणि एक द्रुतगती मार्गाच्या कडेची, तरी दोन्ही बोरघाटच चढतात. नाशिककडे जाणारा लोहमार्ग आणि महामार्ग दोन्ही कसारा घाटातून वर जातात. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते तेव्हा ती करारपत्रावरील कंपनीचे नाव वाचत नाही. असाच धडा अमेरिकेत १८ जुलै २००१ रोजी मिळाला: बाल्टिमोरमधील हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली, आणि त्याच बोगद्यातून गेलेल्या अनेक कंपन्यांच्या फायबर एकदम निकामी झाल्या. समुद्राखालीही तेच घडते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारतासह आखाती देशांतील इंटरनेट मंदावले, कारण युरोपकडे जाणाऱ्या केबली त्याच अरुंद वाटेने एकत्र येतात. मुंबई हे भारतात केबली उतरण्याचे एक मुख्य ठिकाण असल्याने किनाऱ्यावरील थोड्याशा जागेत अनेक केबली एकवटतात; या प्रश्नावर मराठी मुलखात बसून काम करण्यासारखे पुष्कळ आहे.

तुमच्या चित्रात हे असे आणावे. प्रत्येक रेषेखाली तिच्या जोखमी लिहाव्यात: कल्याणपर्यंतचा चर, बोरघाट, कसारा घाट, नदीवरचा पूल, आणि नोडच्या इमारतीत शिरण्याची वाट. शेवटची गोष्ट विशेष विसरली जाते. दोन मार्ग शेकडो किलोमीटर वेगळे राहून इमारतीच्या दारात एकाच चेंबरमधून आत शिरतात, हे अगदी नेहमीचे आहे. मग ज्या दोन मार्गांच्या याद्यांत एकही जोखीम सामाईक नाही असे मार्ग शोधावेत. मात्र ही अट सर्वसाधारण स्वरूपात घातली की प्रश्न एकदम अवघड होतो. सुरबालेची सुबक पद्धत येथे पुरत नाही आणि हिशेब एनपी-कम्प्लीट, म्हणजे ज्यांची जलद अचूक पद्धत कोणालाच ठाऊक नाही अशा प्रश्नांच्या, वर्गात जातो. खरे संशोधन येथून पुढे सुरू होते.

पायरी ६ : राखीव जागा वाटून घेणे

प्रत्येक मागणीला स्वतःचा राखीव मार्ग दिला आणि दोन्हींवर एकाच वेळी सिग्नल पाठवला, तर तुटल्यावर फक्त स्वीकारणाऱ्या टोकाला बाजू बदलावी लागते. एसडीएच या जुन्या डिजिटल प्रसारण पद्धतीच्या रिंगांच्या काळापासून चालत आलेला ५० मिलिसेकंदांचा निकष अशा वेळी सहज पाळता येतो. किंमत म्हणजे निम्म्याहून अधिक स्पेक्ट्रम एरवी नुसताच अडून राहतो. कार्यक्षमता आणि तग धरणे यांची ओढाताण म्हणतात ती हीच, आणि ती स्लॉटमध्ये मोजता येते.

मुंबई–पुणे आणि नाशिक–संभाजीनगर या दोन मागण्या घ्याव्यात, दोन्ही ४०० गिगाबिटच्या आणि थेट लिंकवर. पहिलीचा राखीव मार्ग मुंबई–नाशिक–संभाजीनगर–पुणे. दुसरीचा नाशिक–मुंबई–पुणे–संभाजीनगर, ५५५ किलोमीटर. वेगवेगळी राखीव जागा ठेवली तर ३६ स्लॉट लागतात. पण एका वेळी एकच लिंक तुटेल असे मानले, तर या दोन राखीव मार्गांची गरज एकाच वेळी कधीच पडत नाही. मुंबई–नाशिक आणि पुणे–संभाजीनगर या दोन लिंकवर तेच ६ स्लॉट दोघांसाठी धरता येतात आणि एकूण गरज २४ स्लॉटवर येते, म्हणजे एक तृतीयांश बचत. मोबदल्यात तुटल्यानंतर मधल्या नोडवरील रोडॅम वळवावे लागतात, सिग्नल स्थिर होऊ द्यावा लागतो, आणि सेवा परत येण्यास मिलिसेकंदांऐवजी सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. ही बचत ज्या गृहीतकावर उभी आहे तेही विसरू नये: दोन मुख्य लिंकची जोखीम सामाईक निघाली, तर दोन्ही मागण्या एकाच वेळी त्याच ६ स्लॉटवर धावून येतील. १९९८ मध्ये ग्रोव्हर आणि स्टामातेलाकिस यांनी मांडलेली पी-सायकलची कल्पना या दोहोंच्या मधली वाट शोधते. राखीव जागा आधीच वर्तुळात जोडून ठेवायची, म्हणजे वेग रिंगचा आणि बचत जाळ्याची. ती स्वतः वहीवर सोडवून पाहण्यासारखी आहे.

पायरी ७ : संगणकावर

सहा शहरांचे उत्तर हाताने निघाल्यावरच प्रोग्रॅम लिहावा, कारण प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे तपासायला तुमच्याकडे तेवढेच एक साधन असते. पायथॉनमधील नेटवर्कएक्स हे आलेखांसाठी पुरेसे आहे. प्रकाशीय हिशेबासाठी टेलिकॉम इन्फ्रा प्रोजेक्टचे जीएनपाय मुक्त स्रोत स्वरूपात मिळते, आणि कार्ताहेना येथील विद्यापीठाचे नेट२प्लॅन आराखडा शिकण्यासाठी चांगले आहे. लहान नेटवर्कसाठी प्रश्न पूर्णांक रेषीय समीकरणांत मांडून हायएस किंवा सीबीसीसारख्या मोफत सॉल्व्हरला द्यावा. त्यातून येणारे सर्वोत्तम उत्तर ही पुढच्या प्रत्येक चटपटीत पद्धतीची कसोटी ठरते. मोठ्या नेटवर्कवर सॉल्व्हर थकतो. तेथे जवळचे काही मार्ग काढून पहिला रिकामा गट पकडणे, म्हणजे फर्स्ट-फिट, येथून सुरुवात करावी.

मागण्या येत-जात राहतात असे धरून सिम्युलेशन करताना किती मागण्या नाकाराव्या लागल्या, म्हणजे ब्लॉकिंग, मोजतात. नाकारण्याचे प्रमाण हजारात एक असेल आणि उत्तरात साधारण दहा टक्क्यांचीच चूक चालणार असेल, तर निदान शंभर नकार दिसले पाहिजेत, म्हणजे किमान एक लाख मागण्या चालवाव्या लागतात. नेटवर्क रिकामे असतानाच्या सुरुवातीच्या मागण्या मोजणीतून वगळाव्यात, वेगवेगळ्या बीजांनी (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातींनी) किमान पाच-दहा वेळा चालवावे आणि आलेखावर विश्वासमर्यादा दाखवाव्यात. माझ्या पहिल्या सिम्युलेटरमध्ये संपलेल्या मागणीचे मुख्य मार्गावरचे स्लॉट मोकळे होत, राखीव मार्गावरचे होत नसत. ब्लॉकिंग हळूहळू चढत जाई आणि मी त्याला ‘दीर्घकालीन तुकडीकरण’ असे भारदस्त नाव देऊन दोन आठवडे त्याची कारणमीमांसा करीत बसलो होतो. तेव्हापासून शेवटी एक चाचणी ठेवतो: सर्व मागण्या संपवल्यावर प्रत्येक लिंकवर ३८४ स्लॉट रिकामे दिसले पाहिजेत.

कोणत्या नेटवर्कवर तपासावे? निबंधांत १४ नोडचे एनएसएफनेट, म्हणजे अमेरिकेतील एक जुने संशोधन नेटवर्क, वारंवार येते. तुलनेसाठी ते ठेवावे, पण ते नेटवर्क १९९५ मध्येच बंद झाले आहे आणि त्याच्या रेषांखालच्या चरांबद्दल ते काहीही सांगत नाही. बर्लिनच्या झूझ संस्थेचा एसएनडीलिब हा संग्रह आणि ॲडलेड विद्यापीठाचा टोपॉलॉजी झू यांतून आणखी दोन-तीन नेटवर्क घ्यावीत. मशीन लर्निंगने मार्ग निवडण्याचे निबंध सध्या पुष्कळ येतात. ते वाचताना तुलनेसाठी कोणती साधी पद्धत वापरली आहे आणि तिला किती मार्गांतून निवड करू दिली आहे, हे प्रथम पाहावे. पाच मार्गांवर अडवून ठेवलेल्या फर्स्ट-फिटला हरवणे सोपे असते. त्याला पंधरा-वीस मार्ग दिले की चित्र पुष्कळदा बदलते. आणखी एक खटकणारी बाब म्हणजे देशव्यापी नेटवर्कवरील मोठ्या क्षमतेच्या जोडण्या मिनिटा-तासांत येत-जात नाहीत; त्या उभारल्या जातात आणि वर्षानुवर्षे वाढत राहतात. वर्षागणिक वाढणाऱ्या मागणीवर स्पेक्ट्रम कधी संपतो, हा प्रश्न ब्लॉकिंगपेक्षा कमी देखणा, पण आराखडा करणाऱ्याच्या अधिक कामाचा आहे.

पायरी ८ : स्वतःचा पहिला प्रश्न

मार्गदर्शकांकडे जाण्यापूर्वी एक पान लिहावे: अंतरे कोठून घेतली, पोहोचीच्या मर्यादा काय धरल्या, कोणत्या जोखमी सामाईक मानल्या, एका वेळी किती बिघाड धरले, दुरुस्तीला किती तास. यांतील एकेक गृहीतक बदलून उत्तर किती हलते ते पाहावे; जे बदलल्याने उत्तर सर्वांत जास्त हलते, तेथे तुमचा प्रश्न असण्याची शक्यता मोठी.

सुरुवातीला एवढेच करून पाहावे. आपल्या सहा शहरांत आठवी लिंक टाकण्याइतके पैसे मिळाले आहेत आणि ती संभाजीनगर–जळगाव अशी, अजिंठ्यावरून, १६० किलोमीटरची टाकली. आता पायरी ४ मधील खोडण्याची पद्धत पुन्हा चालवली, तर ती अडत नाही: पहिला मार्ग ८४० किलोमीटर आणि दुसरा मुंबई–पुणे–संभाजीनगर–जळगाव–नागपूर, ९७५ किलोमीटर. बेरीज १,८१५, तर सुरबालेच्या जोडीची १,७२५. म्हणजे पद्धत ९० किलोमीटर आणि एक जादा लिंक खर्चून उत्तर देते, कोठेही चूक दाखवत नाही, आणि पहिल्या वेळी निदान ‘मार्ग नाही’ म्हणून जी शंका आली असती तीही येत नाही. तीच लिंक दुसरीकडे टाकली असती तर सहा शहरांपैकी कोणत्या जोडीचा सर्वाधिक फायदा झाला असता, आणि ती लिंक कोणत्या घाटातून गेली असती, हे आता वहीवर काढता येईल.